खडकातला वायू आणि ओढ्यातले जिवाणू

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य भागात, जंगलातल्या एखाद्या लहान ओढ्यातला दगड उचलून त्यावर बोट फिरवले तर तो बुळबुळीत लागतो. हा बुळबुळीत थर म्हणजे एक वस्ती असते. शेवाळाच्या पेशी, बुरशीचे धागे आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात रुतून बसलेले असंख्य जिवाणू तिथे एकत्र नांदतात. त्याच दगडाखालचा चमचाभर गाळ घेतला तर त्यात कोट्यवधी जिवाणू निघतात आणि त्यांच्या जाती शेकड्यांनी, कधी हजारांनी मोजाव्या लागतात. ओढा अरुंद असतो, वर झाडांची गच्च सावली असते, तळापर्यंत ऊन फारसे पोचत नाही. त्यामुळे या पाण्यातल्या जीवांचे मुख्य अन्न म्हणजे काठावरच्या झाडांचा गळलेला पाला. ताजा गळलेला कडक पाला पाण्यातले किडे सहसा खात नाहीत. बुरशी आणि जिवाणू आधी त्याला मऊ करतात, मग किडे तो कुरतडतात, आणि त्या किड्यांवर ब्रूक ट्राउट हा मासा जगतो. पेनसिल्व्हेनियाचा हा राज्यमासा. त्याला थंड, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. त्याच्या अन्नसाखळीची पहिली कडी मात्र डोळ्यांना दिसत नाही.

याच जंगलाखाली मार्सेलस शेल नावाचा काळा खडक पसरलेला आहे. बऱ्याच ठिकाणी तो दीड ते अडीच किलोमीटर खोल आहे. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, इथल्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलापासून तो बनला. त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, म्हणून त्यात पडलेले सेंद्रिय द्रव्य पुरते कुजले नाही. पुढे वरच्या थरांच्या ओझ्याखाली आणि भूगर्भातल्या उष्णतेने त्याचा मिथेन वायू झाला आणि तो तिथेच कोंडून राहिला. वाळूच्या खडकातला वायू भोक पाडले की वाट काढत वर येतो. शेलची छिद्रे इतकी बारीक आणि एकमेकांपासून इतकी तुटलेली असतात की नुसते भोक पाडून फारसे काही हाती लागत नाही. खडकाला तडे द्यावे लागतात. जमिनीखाली प्रचंड दाबाने पाणी कोंबून तडे देण्याच्या या तंत्राला हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग म्हणतात. रोजच्या बोलण्यात फ्रॅकिंग.

मार्सेलस शेलवर या तंत्राचा पहिला प्रयोग २००४ साली वॉशिंग्टन परगण्यात झाला. चार-पाच वर्षांत राज्यभर विहिरींचे पीकच आले. विहीर आधी सरळ खाली जाते, शेलच्या थरात पोचल्यावर आडवी वळते आणि थराच्या आतून किलोमीटर-दोन किलोमीटर जाते. एका विहिरीला साधारण दीड-दोन कोटी लिटर पाणी लागते, आणि ते बहुतेक वेळा जवळपासच्या नद्या-ओढ्यांतूनच उपसले जाते. कोंबल्या जाणाऱ्या द्रवात सुमारे नव्वद टक्के पाणी आणि उरलेल्यातली बहुतेक वाळू असते. पडलेला तडा दाब ओसरल्यावर पुन्हा मिटू नये म्हणून वाळूचे कण त्यात पाचर मारल्यासारखे बसतात. रसायने अर्धा ते एक टक्का. हा आकडा दिलासा देण्यासाठी वारंवार सांगितला जातो. पण दोन कोटी लिटरचा अर्धा टक्का म्हणजे एक लाख लिटर, हे त्यासोबत सांगायला हवे.

या रसायनांपैकी एक वर्ग थेट जिवाणूंच्या जिवावर उठलेला असतो. विहिरीत जिवाणू वाढले तर त्यांच्या चिकट थराने तडे बुजतात. काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याने पोलादी नळ्या गंजतात आणि वायूची प्रत बिघडते. म्हणून द्रवात जिवाणूनाशके घालतात. त्यातले सर्वाधिक वापराचे एक म्हणजे ग्लुटाराल्डिहाइड. दुर्बिणीतून तपासणी करायची उपकरणे निर्जंतुक करायला रुग्णालयांत वापरतात, तेच हे. ते जिवाणूच्या प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकते. प्रथिने हलू शकली नाहीत की पेशीचे सगळे व्यवहार थांबतात. डीबीएनपीए हे दुसरे नाशक त्या मानाने लवकर विघटित होते, पण त्याच्या विघटनातून निघणारी काही ब्रोमीनयुक्त द्रव्ये अधिक काळ टिकतात.

एवढे करूनही विहीर निर्जंतुक होत नाही. खोल खडकातून परत येणारे पाणी गेलेल्या पाण्यापेक्षा पार वेगळे असते. मार्सेलसमधून वर येणाऱ्या पाण्यात लिटरमागे दोन लाख मिलिग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही जास्त क्षार असू शकतात. समुद्राच्या पाण्यात ते पस्तीस हजारांच्या आसपास असतात. सोडियम आणि क्लोराइडबरोबर बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड आणि किरणोत्सारी रेडियमही त्यात असते. अशा पाण्यातही वस्ती वसते. ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली अडीच किलोमीटर खोलीवरच्या फ्रॅकिंग झालेल्या शेलमधील पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. विहिरी सुरू झाल्यावर पाण्यातल्या जाती भराभर कमी होत गेल्या आणि शेवटी मीठ सोसणाऱ्या मोजक्याच उरल्या. त्यांत हॅलॅनेरोबियम ही प्रजाती प्रमुख होती. तोवर कोणालाच माहीत नसलेल्या एका प्रजातीला त्यांनी ‘फ्रॅकिबॅक्टर’ असे नाव सुचवले. हे जिवाणू मिठाशी झुंजण्यासाठी ग्लायसीन बिटेन नावाचे द्रव्य पेशीत साठवतात. ते द्रव्य दुसरे जिवाणू खातात, त्यातून मिथाइल अमाइन निघते आणि त्यावर मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जगतात. वायू काढण्यासाठी दिलेल्या तड्यांत अशी छोटी अन्नसाखळी उभी राहते.

म्हणून फ्रॅकिंगचे पाणी ओढ्यात आले की खोल खडकातले हे जिवाणू ओढा काबीज करतील, असा समज होऊ शकतो. तसे सहसा होत नाही. ज्याला समुद्राच्या कितीतरी पट खारे पाणी मानवते, त्याला गोड्या पाण्याच्या ओढ्यात जगणे अवघड. बदल होतो तो ओढ्यातल्या मूळ रहिवाशांमध्ये. कोणाची संख्या घटते, कोपऱ्यात पडून असलेल्या एखाद्याची वाढते, आणि वस्तीची घडी बदलते. संशोधकांना वाचायची असते ती ही बदललेली घडी.

जमिनीखालचे तडे आणि ओढा यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी किलोमीटरहून अधिक जाडीचा खडक असतो. तो भेदून द्रव थेट वर येण्यापेक्षा जमिनीवरच्या वाटा कितीतरी सोप्या असतात. वेलपॅड म्हणजे झाडे तोडून, खडी अंथरून सपाट केलेले काही एकरांचे आवार. त्यासाठी आणि तिथवरच्या रस्त्यासाठी डोंगरउतार कापला जातो आणि पहिल्याच मोठ्या पावसात माती ओढ्यात उतरते. एका विहिरीसाठी पाणी, वाळू आणि रसायने घेऊन टँकर-ट्रकच्या शेकडो, अनेकदा हजारावर फेऱ्या होतात. झडपा गळतात, तळ्यांचे अस्तर फाटते, पाइप फुटतात. ३ जून २०१० रोजी क्लिअरफील्ड परगण्यातल्या जंगलात एका विहिरीवरचा ताबा सुटला आणि सुमारे सोळा तास वायू आणि खारे पाणी हवेत उसळत राहिले. विहिरीभोवतीचे सिमेंट नीट बसले नाही तर मिथेन वरच्या थरांत शिरून भूजलात आणि तिथून झऱ्यांत जातो. लायकमिंग परगण्यातल्या शुगर रन या ओढ्याच्या पाण्यात खोल खडकातला मिथेन अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांना सापडला, आणि ते निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. शिवाय वर आलेल्या पाण्याची विल्हेवाट लावायची असतेच. सुरुवातीच्या वर्षांत पेनसिल्व्हेनियात ते प्रक्रिया केंद्रांतून नद्यांत सोडले जाई. ही केंद्रे धातू काढू शकत, पण क्लोराइड आणि ब्रोमाइड तसेच पुढे जात. इंडियाना परगण्यातल्या अशा एका केंद्राखाली, ब्लॅकलिक क्रीकच्या गाळात, रेडियम वरच्या बाजूच्या गाळापेक्षा सुमारे दोनशे पट असल्याचे ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले. राज्याच्या पर्यावरण विभागाने एप्रिल २०११ मध्येच कंपन्यांना हे थांबवण्याची विनंती केली होती.

सांडलेले पाणी जेव्हा एकदम आणि मोठ्या प्रमाणात येते, तेव्हा परिणाम ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. २००७ साली केंटकी राज्यातल्या अ‍ॅकॉर्न फोर्क या ओढ्यात फ्रॅकिंगचा द्रव गेला. पाण्याचा सामू ७.५ वरून ५.६ वर उतरला. विद्युतवाहकता, जिच्यावरून पाण्यातल्या क्षारांचा अंदाज येतो, ती दर सेंटिमीटरला २०० मायक्रोसीमेन्सवरून ३५,००० वर गेली. मासे आणि कीटक मेले. जगलेल्या माशांच्या कल्ल्यांवर इजा होती. सामू एका अंकाने उतरणे म्हणजे आम्लता दहापट होणे. इथे तो जवळपास दोन अंकांनी उतरला होता. एवढ्या मिठाचा जिवाणूवर काय परिणाम होतो, हे कैरीचे लोणचे घालणाऱ्या कोणत्याही घरात माहीत असते: बाहेर मीठ वाढले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ खुंटते. लोणच्याला हेच हवे असते. ओढ्यातल्या पाल्याला मात्र कुजायचे असते.

हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचे उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातल्या फेएटव्हिलजवळच्या वुल्फ क्रीकच्या एका उपओढ्याचे आहे. त्याच्या काठावर वायूच्या विहिरींचे सांडपाणी खोल जमिनीत सोडण्याचे केंद्र होते. तिथल्या अभ्यासात केंद्राच्या वरच्या अंगाला पाण्याची वाहकता ७४ होती, खालच्या अंगाला ४१६. सोडियम, क्लोराइड, बेरियम, ब्रोमाइड, स्ट्रॉन्शियम आणि लिथियम ही सगळी द्रव्ये खाली वाढलेली होती. ४१६ हा आकडा तसा भयंकर नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी बोअरवेलचे पाणी याहून क्षारयुक्त असते. तरी खालच्या गाळातली वस्ती बदललेली होती. डेल्टाप्रोटिओबॅक्टेरिया वाढले होते. सल्फेटवर आणि लोहावर श्वसन करणारे अनेक जिवाणू या गटातले. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही वाढले होते, आणि थॉमार्किओटा गटातले, ज्यांतले अनेक अमोनियाचे ऑक्सिडीकरण करतात, ते घटले होते. मिथेननिर्मितीशी आणि संकटात झोपी जाण्याशी, म्हणजे बीजाणू बनवण्याशी, संबंधित जनुके खालच्या बाजूला १८ ते ८६ टक्क्यांनी अधिक आढळली. पेशीत शिरलेले घातक रेणू बाहेर फेकणाऱ्या पंपांची काही जनुकेही वाढली होती. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू हेच पंप वापरतात, म्हणून ही नोंद महत्त्वाची. मात्र प्रतिरोधाच्या जनुकांची एकूण संख्या वाढलेली नव्हती, आणि तेही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

जिवाणूनाशकाने जिवाणू कमी व्हावेत, ही अपेक्षा इथे अपुरी पडते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या प्रयोगांत असे दिसले की विहिरीतून वर आलेल्या खाऱ्या पाण्यात राहिलेले जिवाणू ग्लुटाराल्डिहाइड अधिक सोसू लागतात, तर हायपोक्लोराइटने अधिक लवकर मरतात. हा बदल घडवतो तो पाण्याचा खारेपणा. मिठाशी झुंजताना पेशीने केलेली तयारी नाशकाविरुद्धही उपयोगी पडते. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात शेतातल्या मातीवर झालेल्या प्रयोगांतून दुसरी बाजू समोर आली. फ्रॅकिंगच्या द्रवातली काही द्रव्ये मातीतले जिवाणू एरवी दीड-दोन महिन्यांत पचवून टाकतात. पण सोबत ग्लुटाराल्डिहाइड असेल तर हे काम रखडते, आणि मीठ असेल तर पुरते थांबते. एकेका रसायनाची वेगवेगळी चाचणी घेऊन ‘हे विघटनशील आहे’ असा शिक्का मारण्याची पद्धत त्यामुळे फसवी ठरते. ओढ्यात द्रव्ये एकेकटी येत नाहीत.

अपघात झालेला नाही, काहीही सांडल्याची नोंद नाही, पाणी दिसायला नितळ आहे, आणि वरच्या पाणलोटात वेलपॅड आहेत, अशा ओढ्यांचा प्रश्न जास्त अवघड आहे. तो सोडवण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न पेनसिल्व्हेनियातल्या जुनिआटा कॉलेजच्या संशोधकांनी केला. तिथल्या एका अभ्यासात २६ ओढ्यांच्या जागांवरून पाणी, गाळ, पाणशेवाळासारख्या हरिता आणि दगडावरचे थर असे ५८ नमुने गोळा झाले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पुढचा अभ्यास २०१२ ते २०१६ अशी पाच वर्षे चालला; त्यात ३१ जागा आणि १८९ नमुने होते.

नमुना घेण्याची रीत साधी दिसते, पण तिला फार जपावे लागते. ओढ्यात उतरणाऱ्याने प्रवाहाच्या उलट दिशेने चालायचे, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ नमुन्यात येत नाही. पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून ओढायचे. जिवाणू गाळणीवर राहतात. गाळ निर्जंतुक नळीत भरून लगेच थंड करायचा, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नळीतच काही जाती वाढतात, काही मरतात, आणि मोजली जाते ती नळीतली वस्ती. प्रयोगशाळेत पेशी फोडून डीएनए काढतात आणि त्यातले १६एस हे एकच जनुक वाचतात. हे जनुक सगळ्या जिवाणूंत असते, पण प्रत्येक गटात थोडे वेगळे. त्यावरून कोण हजर आहे आणि साधारण किती प्रमाणात, हे कळते. २०१४च्या अभ्यासात अशी सुमारे ३२ लाख जनुकवाचने झाली. ओढ्यातल्या जिवाणूंपैकी बहुसंख्य प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. या पद्धतीवाचून ते अदृश्यच राहिले असते. हजेरी कळली तरी कोण काय काम करतो आहे, हे या एका जनुकावरून कळत नाही, ही तिची मर्यादा.

२०१४च्या अभ्यासात वेलपॅड असलेल्या पाणलोटातल्या ओढ्यांत जातींची संख्या कमी होती, आणि ज्या होत्या त्यांच्यातला समतोलही बिघडलेला होता. काही गट हजारपटीहून अधिक वाढलेले आढळले. हे गट बव्हंशी दोन प्रकारचे होते: आम्लधर्मी पाण्यात सुखाने राहणारे, आणि मिथेन खाणारे. पाच वर्षांच्या अभ्यासात मेथिलोसिस्टेसी आणि बायेरिन्किएसी ही मिथेनभक्षी जिवाणूंशी जोडली जाणारी कुले, आणि मिथेन बनवणारी मेथॅनोबॅक्टेरियम ही प्रजाती, वायूउद्योग असलेल्या ठिकाणी लक्षणीय वाढलेली दिसली. मेथॅनोबॅक्टेरियम नावात बॅक्टेरियम असले तरी जिवाणू नव्हे, आर्किया या वेगळ्या वर्गातला जीव आहे. यांतले काही गट पाचही वर्षे टिकून होते. पाण्यापेक्षा गाळात हा ठसा अधिक स्पष्ट होता, आणि ते स्वाभाविक आहे. आज ओढ्यात असलेले पाणी उद्या खालच्या नदीत असते, गाळ मात्र बराच काळ जागेवर राहतो. महिन्यातून एकदा बाटली भरणाऱ्याच्या हाती जे लागत नाही, ते गाळातल्या वस्तीत नोंदलेले राहू शकते.

मिथेन बनवणारे आणि मिथेन खाणारे सूक्ष्मजीव शेजारी-शेजारी कसे राहतात, हे कोकणातल्या भातखाचरात डोळ्यांसमोर असते. चिखलणी झालेल्या खाचरात पाणी साचले की खालच्या चिखलातला ऑक्सिजन संपतो आणि तिथे मिथेन तयार होऊ लागतो. पाय पडला की बुडबुडे येतात ते याचेच. चिखलाच्या वरच्या पातळ थरात आणि भाताच्या मुळांभोवती थोडा ऑक्सिजन असतो, तिथे मिथेनभक्षी जिवाणू त्यातला बराचसा वायू वाटेतच खाऊन टाकतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरातल्या या जिवाणूंवर काम झालेले आहे. ओढ्यातही असेच घडते. म्हणून मिथेनभक्षी वाढलेले दिसले की मिथेन वाढला असावा, हा तर्क योग्य आहे. पण तो मिथेन कुठून आला, हे जिवाणू सांगत नाहीत. तो विहिरीच्या फटीतून आलेला असू शकतो, वरच्या अंगाच्या पाणथळीतला असू शकतो, किंवा एखाद्या जुन्या, विसरलेल्या विहिरीतला. ही शेवटची शक्यता या प्रदेशात किरकोळ नाही. अमेरिकेच्या तेलउद्योगाचा आरंभ मानली जाणारी ड्रेक यांची विहीर १८५९ साली याच भागात, टायटसव्हिलला खोदली गेली. तेव्हापासून खोदलेल्या आणि टाकून दिलेल्या विहिरी राज्यात काही लाख आहेत आणि त्यांतल्या अनेकींची कुठेच नोंद नाही.

आम्लतेचा गुंता याहून मोठा आहे. पाच वर्षांच्या अभ्यासाने स्पष्टच म्हटले की ओढ्यातली वस्ती ठरवणारा मुख्य घटक सामू आहे; वायूउद्योगाची निवड त्याखालच्या, बारीक पातळीवर दिसते. इथल्या बऱ्याच डोंगरांच्या वाळूच्या खडकात चुना फारसा नाही, त्यामुळे आम्ल आले तर ते शमवायला ओढ्याजवळ काही नसते. आणि आम्ल येण्याच्या वाटा जुन्या आहेत: कोळशाच्या बंद पडलेल्या खाणींतले पाणी, कित्येक दशके पडलेला आम्लपाऊस, पाणथळीतून झिरपणारे सेंद्रिय आम्ल. फ्रॅकिंगने उघडी पडलेली जमीन त्यात भर घालू शकते. जुनिआटातल्या संशोधकांनी २०१२च्या उन्हाळ्यात ब्रूक ट्राउट असलेल्या दुर्गम जंगलातल्या २४ ओढ्यांची तुलना केली. १४ पाणलोटांत फ्रॅकिंग झाले होते, १० मध्ये अद्याप नव्हते. पाणलोटांच्या इतर वैशिष्ट्यांत फरक नाही, याची खात्री त्यांनी आधी केली. फ्रॅकिंग झालेल्या ओढ्यांचा सामू कमी निघाला, विरघळलेले सेंद्रिय द्रव्य अधिक निघाले आणि पाण्यातला विरघळलेला पाराही अधिक निघाला. पाणलोटात वेलपॅड जितके जास्त, तितका झिंग्यासारख्या क्रेफिशमध्ये, भक्षक किड्यांमध्ये आणि ट्राउटमध्येही पारा जास्त, असा संबंध दिसला.

पाऱ्याची ही गोष्ट पुन्हा जिवाणूंपाशीच येते. साधा पारा अन्नसाखळीत फारसा चढत नाही. त्याचा मिथाइल पारा झाला की तो शरीरातून सहजी बाहेर पडत नाही आणि किड्यातून माशात, माशातून मासा खाणाऱ्यात साठत जातो. हा बदल मुख्यतः गाळातले ऑक्सिजनविरहित श्वसन करणारे जिवाणू घडवतात, आणि त्यांत सल्फेटवर जगणारे प्रमुख आहेत. आम्लता आणि सेंद्रिय द्रव्य वाढले की या कामाला जोर चढतो. पारा इथे वायूच्या विहिरीतून आला असे म्हणण्याची गरज नाही. कोळशाच्या धुरातून दशकानुदशके जंगलाच्या मातीत साठलेला पारा, माती हलली आणि पाणी आम्ल झाले की, सुटा होऊ शकतो. पिढ्यांपूर्वीचे प्रदूषण नव्या उद्योगाने जागे करण्याची ही शक्यता या विषयातली सर्वांत गंभीर आहे, आणि तिच्याकडे मिळायला हवे तेवढे लक्ष मिळालेले नाही.

या सगळ्यासमोर २०२० साली अमेरिकी विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला भूसर्वेक्षण खात्याचा अभ्यास ठेवायला हवा. त्यात पेनसिल्व्हेनियातले २५ उगमाकडचे ओढे निवडले होते: विहिरींपासून मुक्त पाणलोटापासून ते विहिरींनी दाटलेल्या पाणलोटापर्यंत चढत्या क्रमाने. निरनिराळ्या ऋतूंत पाण्याचे रसायन, शेलच्या पाण्याच्या ओळखखुणा, तळातले किडे आणि सूक्ष्मजीवांची वस्ती हे सगळे एकत्र मोजले. विहिरींची दाटी आणि यांपैकी कशाचाही लक्षणीय संबंध आढळला नाही. ऋतूनुसार होणारा फरक मात्र ठळक होता. या निष्कर्षाचा कोणी ‘फ्रॅकिंग निर्धोक’ असा अर्थ लावला तर तो अभ्यासावर अन्याय होईल, आणि तो बाजूला सारून फक्त जुनिआटाचे निष्कर्ष सांगितले तर तोही अन्यायच. हे दोन्ही अभ्यास परस्परविरोधी असायलाच हवेत असे नाही. विहिरींची संख्या हे गळतीचे माप नव्हे. शंभर नीट बांधलेल्या विहिरींच्या खालचा ओढा निरोगी राहू शकतो आणि एका फुटलेल्या अस्तराखालचा आजारी पडू शकतो. वुल्फ क्रीकला आणि अ‍ॅकॉर्न फोर्कला सरासरी लागू होत नाही.

खरी उणीव आणखी मागे आहे. जवळजवळ प्रत्येक अभ्यास विहिरी खोदून झाल्यावर सुरू झाला. फ्रॅकिंग झालेला ओढा आणि न झालेला ओढा यांची तुलना करता येते, पण तो फ्रॅकिंग झालेला ओढा त्याआधी कसा होता, हे बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवलेले नाही. कंपन्यांनी पिण्याच्या पाण्याच्या विहिरींची आधी तपासणी केली, कारण कज्जे तिथे होणार होते. ओढ्यातल्या गाळाचे नमुने घेण्याची सक्ती कोणावर नव्हती. अशी पूर्वनोंद फार खर्चाची नाही. विहिरीच्या जागेच्या वर आणि खाली, पाणी आणि गाळ वेगवेगळे, एका वर्षात निदान चार ऋतूंत, आणि प्रत्येक वेळी सामू, वाहकता, मिथेन यांच्या मोजणीसह नमुने घेऊन ते अतिशीत तापमानात ठेवले, तर दहा वर्षांनीही ते वाचता येतात. एका विहिरीवर होणाऱ्या लाखो डॉलरच्या खर्चात हा खर्च दिसणारसुद्धा नाही.

मार्सेलस शेल पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर सीमेपाशी संपत नाही. तो न्यूयॉर्क राज्यात पुढे जातो. त्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते मार्सेलसही न्यूयॉर्कमध्येच आहे. त्या राज्याने डिसेंबर २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावरच्या फ्रॅकिंगला नकार दिला आणि २०२० साली कायद्यानेच बंदी घातली. सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच खडक आणि जवळजवळ तेच जंगल आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कितीतरी ओढ्यांसाठी पूर्वनोंदीची वेळ निघून गेली. न्यूयॉर्कच्या बाजूला ती नोंद अजून करता येते.